किल्ली काढली की काय बंद पडतं?

मागच्या महिन्यात या पानावर सहज लिहून गेलो, की विज्ञानकथेतल्या साहसात लेखकाला पुढचं काही सुचेनासं झालं म्हणजे तो किल्ली आणतो. झालं! वाचकांची अकरा पत्रं आली आणि त्यातली नऊ भांडणाची. तेव्हा या वेळचं पान सगळं किल्ल्यांचंच.

नव्या वाचकांसाठी : मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात बत्तीस वर्षं काढली, बहुतेक नागपूर आणि आसपास. आता अजनीत राहतो आणि पोट्ट्यांच्या विज्ञानकथा वाचून देतो. उत्तरांत रेल्वे येणारच. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सरळ शब्दकोड्याच्या पानावर जावं.

प्रश्न : काका, मी बारावीत आहे. मंगळावरच्या घुमटनगरीची गोष्ट लिहितेय. खलनायकाकडे 'महाकिल्ली' आहे, तिनं नगरीतलं कुठलंही दार उघडतं. आमचे सर म्हणाले, २२०० साली किल्ली कुठली, बोटाचा ठसा दाखव. काय करू? – एक विद्यार्थिनी, मानेवाडा

किल्ली राहू दे. सरांचं तंत्रज्ञान बरोबर आहे, पण ठसा ज्याचा त्यालाच चिकटलेला. तो उसना देता येत नाही, गहाण पडत नाही, धाकट्या भावाच्या कंपासपेटीत सापडत नाही. किल्ली या हातातून त्या हातात जाते, आणि तिच्यामागे हुकूमही जातो. गोष्टीला तेवढं पुरतं.

माझी तक्रार तुझ्या खलनायकाबद्दल आहे. तू पाठवलेल्या सहा पानांत तो दारं उघडत फिरतो आणि प्रत्येक दाराशी हसतो. अगं, रात्रभर दारं उघडत फिरतो त्याला आपण चौकीदार म्हणतो. त्याला कोण भिणार?

आता मला ज्याची भीती वाटायची तो माणूस सांगतो. लहानपणी आम्ही महालात राहायचो. नळाचं पाणी सोडायला एक चाबीवाला सायकलवर यायचा. सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधलेली लोखंडी चाबी, माझ्या खांद्याएवढी उंच, वर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण तो पायानं सरकवायचा आणि चाबी खाली सोडायचा. ती व्हॉल्व्हच्या चौकोनी डोक्यावर बसली की 'ठक' असा आवाज यायचा. मग दोन्ही हातांनी आटे. आया-बाया पाण्याचे गुंड आणि बादल्या लावून आधीच उभ्या असायच्या, आणि सगळ्यांचं लक्ष नळाकडे नाही, त्याच्या हातांकडे. 'किती आटे दिले रे भाऊ?' सहा दिले तर वरच्या मजल्यावर चढायचं, चार दिले तर अंगणातच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की मोहल्ल्यातले वकीलसाहेबसुद्धा त्याच्याशी आवाज खाली ठेवून बोलायचे. तो बिचारा कधी कुणावर ओरडला नाही. चहा घ्यायचा, चाबी सायकलला बांधायचा आणि निघून जायचा. पाणी त्याच्या जाण्यानं थांबायचं.

तुझ्या मंगळावर पाण्याच्या जागी हवा आहे. घुमटात हवेचे व्हॉल्व्ह असतीलच. मग दारं कशाला घेऊन बसलीस?

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. नोकरीच्या सुरुवातीला मी एकेरी लाइनच्या एका स्टेशनवर होतो. तिथे गोळा चालायचा. दोन स्टेशनांत एकच रूळ, दोन्हीकडून गाड्या, समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन्ही स्टेशनांवर एकेक लोखंडी यंत्र. नील्स टोकन त्याचं नाव, आम्ही नुसतं टोकन म्हणायचो. त्याच्या पोटात पोलादी गोळे, लहान संत्र्याएवढे, प्रत्येकावर दोन्ही स्टेशनांची नावं आणि नंबर कोरलेला. इकडून गोळा काढायचा तर पलीकडच्या स्टेशन मास्तरनं घंटीनं होकार द्यायचा आणि त्याच्या यंत्रावरून विजेची कळ दाबून धरायची, तेव्हाच इकडचा गोळा सुटायचा. एकट्याच्या मनगटात कितीही जोर असो, उपयोग नाही. आणि एकदा एक गोळा बाहेर आला की तो कुठल्या तरी एका यंत्रात परत पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघतच नाही. पोरी, हेच त्याचं मर्म. तो गोळा वेताच्या कड्याला लावलेल्या चामडी पिशवीत घालून ड्रायव्हरला द्यायचा. ड्रायव्हर बाहेर काढून नाव वाचायचा आणि मगच शिट्टी.

त्या गोळ्यानं ड्रायव्हरला काय मिळतं? एकही दार उघडत नाही. मिळते ती फक्त एक खात्री, की पुढच्या रुळावर समोरून कुणी येणार नाही. त्याच्या हातात गोळा आहे म्हणून बाकीचं सगळं जग थांबलंय. माझ्या हिशेबानं किल्लीची खरी ताकद तिथे आहे. ती कुठलं दार उघडते हे विचारू नकोस, ती जागची काढली की काय बंद पडतं ते विचार.

तुझ्या चौथ्या पानावर नायिका महाकिल्ली चोरते आणि वाचक टाळ्या वाजवेल असं तुला वाटतं. थोडं वाकवून बघ. किल्ली जागेवर नसेल तर हवाबंद कक्षाचं एकही दार हलत नाही, ना आतलं ना बाहेरचं, असा त्या नगरीचा नियम ठेव. सुरक्षेसाठी कुणा शहाण्यानं केलेला, चांगल्या हेतूनं. आता तुझी नायिका किल्ली खिशात घालून पळाली, आणि तिचा भाऊ बाहेर लाल धुळीत उभा आहे, पाठीवर चाळीस मिनिटांची हवा. परत जाऊन किल्ली लावली तर ती पकडली जाणार. हे लिही. खलनायकाला हसायची गरजच पडणार नाही.

प्रश्न : खऱ्या अंतराळयानात कधी अशी 'नियंत्रणाची किल्ली' होती का, की हे सगळं लेखकांच्या डोक्यातलं? – एक वाचक, वर्धा रोड

होती की. आणि माणूस नेणाऱ्या पहिल्याच यानात होती.

१२ एप्रिल १९६१. युरी गागारिन व्होस्तोकमधून वर गेला तेव्हा यान चालवणं त्याच्याकडे नव्हतंच. सगळं आपोआप आणि जमिनीवरून. हातानं चालवायची यंत्रणा होती, पण तिला आकड्यांचं कुलूप. कारण वजनरहित अवस्थेत माणसाच्या मेंदूचं काय होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो भ्रमिष्ट झाला आणि भलतीच कळ ओढून बसला तर, ही डॉक्टरांची धास्ती. मग तोड काढली ती अशी : कुलूप उघडायचा तीन आकडी नंबर एका पाकिटात बंद करून यानातच ठेवला. वेळ आलीच तर गागारिननं पाकीट फोडायचं, नंबर वाचायचा, तो दाबायचा. ज्याला एवढं जमलं त्याचं डोकं ठिकाणावर आहे असं धरायचं. किल्लीच परीक्षा घेणार.

मला यातला पुढचा भाग फार आवडतो. नंबर होता १२५, आणि तो गागारिनला उड्डाणाआधीच ठाऊक होता. एकाहून अधिक जणांनी, त्यातले काही चांगले वरच्या हुद्द्यावरचे, त्याला तो हळूच सांगून ठेवला होता. नियम करणाऱ्यांनीच नियम मोडला, कारण त्या पोराचा चेहरा त्यांनी पाहिला होता. १०८ मिनिटांच्या त्या फेरीत पाकिटाची गरज पडली नाही.

साहसकथा लिहिणाऱ्यांनो, तुमच्या गोष्टीत किल्ली देणारा माणूस कुठे असतो? किल्ली चोरली जाते, सापडते, थडग्यातून निघते. कुणीतरी ती गुपचूप हातात ठेवतो आणि स्वतःची नोकरी पणाला लावतो, असं मी आमच्या पोट्ट्यांच्या कथांत अजून वाचलेलं नाही.

प्रश्न : सिनेमात अणुक्षेपणास्त्र सोडताना दोघं जण एकाच वेळी किल्ली फिरवतात. हे खरं आहे की नाटक? – धरमपेठेतला एक डॉक्टर

खरं आहे, डॉक्टरसाहेब. अमेरिकेच्या मिनिटमन क्षेपणास्त्रांच्या तळघरात दोन अधिकारी बसतात. किल्ल्या फिरवायच्या जागा अशा दूर ठेवल्या आहेत की एका माणसाचे हात दोन्हीकडे पोचू नयेत. किल्ल्या ज्या पेटीत असतात तिला दोन कुलपं, ज्याचं त्याला ठाऊक. शिवाय एका तळघरातल्या दोघांनी फिरवूनही सहसा भागत नाही, दुसऱ्या तळघरातूनही तसंच मत यावं लागतं. सिनेमावाले हे शेवटचं दाखवत नाहीत, त्यांना एकाच खोलीत घाम दाखवायचा असतो.

पण हे वाचून अमेरिकेचं फार कौतुक करू नका. आपल्या कुठल्याही रेल्वे स्टेशनच्या रिले रूमला हाच कायदा आहे. रिले रूम म्हणजे जिथून सिग्नल आणि पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) यांचं डोकं चालतं ती खोली. तिला दोन कुलपं. एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नलच्या मेंटेनरकडे. दोघं हजर, वहीत वेळ आणि कारण लिहिलं, तरच दार उघडतं. मास्तरला यंत्रातलं कळत नाही आणि मेंटेनरला गाड्यांचं, म्हणून दोघांनाही एकट्यानं आत जायची बंदी.

आता माझी फजिती सांगतो, लपवण्यासारखं वय राहिलेलं नाही. एका दुपारी मी रिले रूमची आमची किल्ली खिशात घेऊन घरी आलो. शर्ट खुंटीला, मी पंख्याखाली. बायकोनं शर्ट बादलीत टाकला. तिकडे पाऊण तासानं एक पॉइंट सेट होईना. मास्तर आपली किल्ली घेऊन दाराशी उभा, दुसरी किल्ली साबणाच्या पाण्यात. गाड्या मेमो, म्हणजे लेखी परवानगी, देऊन एकेक काढल्या. मला शोधत माणूस सायकल हाणत घरी आला तेव्हा बायको पिळलेला शर्ट झटकत होती, आणि किल्ली फरशीवर खणकन पडली. ती त्या माणसाकडे बघत म्हणाली, 'बाप्पा, एवढ्याशा चाबीनं गाड्या थांबतात काय?' हौ, थांबतात. आठवड्यानं मला एसएफ-११ मिळालं. रेल्वेत छोट्या शिक्षेच्या चार्जशीटला एसएफ-११ म्हणतात, स्टँडर्ड फॉर्म अकरा. इंग्रजीत विज्ञानकथेलाही एसएफ म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटात गोळाच आला. टोकनचा नव्हे.

प्रश्न : किल्ली लिहावं की चावी? – एक मुद्रितशोधक, सीताबर्डी

चावी पोर्तुगीजांकडून आली, किल्ली घरची. आपल्याकडे बोलताना चाबी. पात्र ज्या गल्लीतलं असेल त्या गल्लीचा शब्द लिहा. मंगळावरच्या नागपूरकरानं 'चावी' म्हटलं तर मी तरी त्याला पुणेरी समजेन. 'गुरुकिल्ली' मात्र कथेच्या शीर्षकात घालू नका, तो शब्द आता स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी विकत घेतलाय.

प्रश्न : आता किल्ली म्हणजे नुसता लांबलचक आकडा. पासवर्ड, कोड. तो खणकन पडत नाही, कंबरेला लटकत नाही. मग पानावर दाखवायचा कसा? – एक संगणक अभियंता, मिहानमध्ये नोकरी

तुम्ही तर तंत्रज्ञ, तुमच्याकडून ही तक्रार यावी याची गंमत वाटली. आकड्याच्या किल्लीलाही शेवटी हात लागतातच. इंटरनेटवरच्या नावांची सगळी उतरंड जिच्यावर टेकलेली आहे अशी एक मूळ किल्ली आहे, तुमची ती डीएनएस रूटची. २०१० पासून तिचा रीतसर सोहळा होतो, अमेरिकेत दोन ठिकाणी आळीपाळीनं, कॅलिफोर्नियात आणि व्हर्जिनियात. देशोदेशीची विश्वासातली माणसं नेमलेली आहेत, प्रत्येक ठिकाणासाठी सात. त्यांतले निदान तिघे हजर हवेत. त्यांच्याकडे काय असतं? बँकेच्या लॉकरला असते तशी धातूची किल्ली! तिजोरीच्या आत छोटे कप्पे, त्या कप्प्यांत स्मार्टकार्डं, आणि ती कार्डं लावली की यंत्र जागं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या तिजोरीचं कुलूपच अडकलं. सोहळा पुढे ढकलावा लागला आणि कुलूपवाल्याला बोलावून तिजोरीला ड्रिल मारावं लागलं. साऱ्या जगाचं इंटरनेट, आणि शेवटी ड्रिलवाला. इतवारीत तिजोऱ्या उघडून देणारे कारागीर आहेत, त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी पत्ता आणि मग चहा विचारला असता.

आणखी एक जिन्नस देतो, कथेसाठी फुकट. १९७९ मध्ये आदी शमीर या गणितज्ञानं गुपिताचे वाटे करायची रीत दाखवली. आलेखाचा कागद घ्या. गुपित आकडा उभ्या अक्षावर एका ठिकाणी ठेवा आणि त्यातून कुठलीही एक तिरपी सरळ रेघ ओढा. रेघेवरचे पाच बिंदू उचलून पाच जणांना एकेक द्या आणि रेघ खोडून टाका. आता कुणीही दोघं भेटले की दोन बिंदूंतून तीच रेघ, ती अक्षाला तिथेच कापणार, गुपित उघड. पण एकट्याकडे एकच बिंदू. एका बिंदूतून रेघा अगणित, तेव्हा त्याला काडीचाही सुगावा नाही. अर्धा नाही, पाव नाही, शून्य. (प्रत्यक्षात हे गणित ठरावीक मूळ संख्येच्या बाकीवर करतात, तुम्हाला ठाऊकच असेल.) दोघांऐवजी तिघं हवे असतील तर रेघेऐवजी पॅराबोला, म्हणजे वाटीसारखी वक्र रेघ, घ्या; ती ठरवायला तीन बिंदू लागतात.

हे आमच्या दोन कुलपांहून वरचढ आहे. रिले रूमला तो ठरलेला मास्तर आणि तो ठरलेला मेंटेनरच लागतो, एकाचा शर्ट धुण्यात गेला की खेळ खलास. इथे पाचांतले कुठलेही तीन चालतात, दोन किल्ल्या साबणात गेल्या तरी हरकत नाही. पण कथेला खरी फोडणी तिथेच बसते : कुठले तीन? गुरूच्या चंद्रांवरच्या पाच वसाहती, प्रत्येकीकडे एक वाटा, तिघी जुळल्या तर पाचही जणींच्या अणुभट्ट्या थांबवता येतात. आता लढाई किल्ली मिळवायची नाही. लढाई तिसरीला आपल्याकडे ओढायची. यात एकही लेझर बंदूक लागत नाही, लग्नाच्या बैठकीत आतेमामांना फिरवता तेवढी अक्कल पुरते.

तुमच्या पत्रात एक ओळ होती, 'नायक नगरीचे सगळे नकाशे चोरतो आणि सगळं संपतं.' ते बदला. १८८३ साली केर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थानं गुप्त संदेशांबद्दल लिहून ठेवलंय की किल्ली सोडून बाकी सगळं शत्रूला कळलं तरी व्यवस्था टिकली पाहिजे. नकाशा चोरून बंद पडते ती यंत्रणा बावळट शत्रूची, आणि शत्रू बावळट असेल तर तुमचा नायकही फार हुशार ठरत नाही.

प्रश्न : एलियन नागपुरात आले तर ते कशाची किल्ली घेतील? माझा मित्र म्हणतो सीताबर्डीच्या किल्ल्याची. – इयत्ता पाचवी, सक्करदरा

तुझ्या मित्राला सांग, तो किल्ला लष्कराकडे आहे आणि आपल्यासाठी वर्षातून मोजकेच दिवस उघडतो. तिथे एलियनलाही रांगेत उभं राहावं लागेल.

मी एलियन असतो तर क्रॅन्क हॅण्डलची किल्ली घेतली असती. पॉइंट फिरवणारी मोटर बिघडली की तो हातानं फिरवायला एक दांडा असतो, तो क्रॅन्क हॅण्डल. त्याची किल्ली जागेवरून काढली, की त्या पॉइंटवरून जाणारे सिग्नल लालच राहतात, मास्तरनं कितीही बटणं दाबली तरी. एवढीशी किल्ली, तुझ्या कंपासमध्ये मावेल. आणि आपल्या नागपुरातून दिल्ली-चेन्नईची लाइन जाते, मुंबई-हावड्याचीही. योग्य पॉइंट निवडला तर चारही दिशांना ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसतील.

पण एलियनला एक अडचण येईल. किल्ली नेताना वहीत नाव, वेळ आणि कारण लिहावं लागतं, आणि मास्तर सही घेतल्याशिवाय सोडत नाही. तुझ्या गोष्टीत तो कारणाच्या रकान्यात काय लिहितो, ते मला कळव.